परभणीत बर्फ कुठून आला? घरी आलेल्या नाताळच्या कार्डांची गोष्ट

हे या भागाचं लिखित रूप. ज्यांनी ऐकलाय त्यांना काही वाक्यं ओळखीची वाटतील. बोलताना जे राहून गेलं ते इथे भरलंय, आणि माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढून टाकलेत.

एक साधा प्रश्न. नाताळचं कार्ड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बर्फ. बर्फात बुडालेलं घर, चिमणीतून धूर, एक सूचिपर्णी झाड, आणि फांदीवर छातीला लाल रंग असलेला छोटासा पक्षी. आता मला सांगा, यातलं काय आपल्या परभणीत आहे? आमच्याकडे डिसेंबरमध्ये पांढरं दिसतं ते कापसाचं रान. थंडी असते, चांगलीच असते, कृषी विद्यापीठातला पारा किती उतरला ही दर हिवाळ्यातली बातमी आहे. पण थंडी म्हणजे शेकोटी, हुरडा, हरभऱ्याचा सोलाणा. बर्फ फक्त रसवंतीत आणि लग्नाच्या पंगतीत.

तरीही आमच्या घरात बर्फाचा ढीग आहे. साडीच्या एका खोक्यात. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिचं ट्रेनिंग एका मिशन हॉस्पिटलमध्ये झालं, आणि तिथल्या मैत्रिणी नंतर सगळीकडे पांगल्या. कुणी केरळला परत गेली, कुणी मिरजेला, कुणी नगरला, एक जालन्याला. आम्ही ख्रिस्ती नाही, पण या सगळ्या मावश्यांची कार्डं दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून यायला लागायची. आई ती सुतळीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवायची, शोकेसच्या वर. संक्रांतीला उतरवून खोक्यात. साधारण वीस वर्षांची साठ-सत्तर कार्डं तरी असतील. मागच्या सुट्टीत मी ती सगळी फरशीवर मांडली आणि डिझाइनप्रमाणे गठ्ठे केले. (हो, एक्सेल शीटसुद्धा केली. सवय.)

निम्म्याच्या आसपास कार्डांवर बर्फ निघाला. त्याखालोखाल मेणबत्त्या, घंटा, लाल पानाफुलांचे गुच्छ. मग येशूजन्माचं दृश्य, म्हणजे गोठा, बाळ, मेंढपाळ, उंट. थोडे सांताक्लॉज. काही संस्थांची कार्डं. आणि एक, फक्त एक कार्ड असं की ज्यात मेरीने साडी नेसली होती. या एका कार्डाकडे आपण येणार आहोत, पण आधी बर्फ.

पहिलं छापील ख्रिसमस कार्ड १८४३ सालचं, लंडनचं. ते काढून घेणारा माणूस हेन्री कोल. हा सरकारी नोकर, ब्रिटनमध्ये १८४० ला जी एक पेनीत पत्राची योजना सुरू झाली तिच्यासाठी राबलेला. टपाल स्वस्त झालं आणि लोकांची पत्रं वाढली. नाताळच्या सुमारास कोलसमोर उत्तरांचा ढीग साचला. प्रत्येकाला हाताने पत्र कोण लिहीत बसणार? त्याने जॉन हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजार प्रती छापल्या, आणि वर-खाली फक्त नावं भरायची. उरलेल्या प्रती एक शिलिंगला विकायला ठेवल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर हा माणूस टेम्पलेट बनवून बल्क रिप्लाय करत होता. म्हणजे 'फॉरवर्ड करून मोकळं होणं' हे आपल्या पिढीचं पाप नाही, जन्मापासूनचं आहे.

पण मजा पुढे आहे. या पहिल्या कार्डावर बर्फ नाही. येशूही नाही. मधोमध एक कुटुंब वाइनचे पेले उंचावतंय, आणि दोन बाजूंना गरिबांना अन्न आणि कपडे देणारे लोक. एक लहान पोर पण वाइन पिताना दिसतं, त्यावरून दारूबंदीवाल्यांनी तेव्हा ओरड केली होती. मजकूर मात्र तोच, 'मेरी ख्रिसमस अँड अ हॅपी न्यू इयर टू यू'. पावणेदोनशे वर्षांत शब्द हललेले नाहीत, चित्र पूर्ण बदललं.

बर्फ कसा घुसला? त्याच १८४३ च्या डिसेंबरमध्ये चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' आली. डिकन्सच्या लहानपणीचे इंग्लंडमधले हिवाळे कडक होते, आणि त्याच्या गोष्टींमुळे नाताळ म्हणजे गोठलेला, धुकट, पांढरा दिवस ही कल्पना घट्ट झाली. लंडनमध्ये खरं तर २५ डिसेंबरला रस्त्यावर बर्फ असणं ही नेहमीची गोष्ट नाहीच. मग १८७० मध्ये ब्रिटनने अर्ध्या पेनीचा दर आणला आणि कार्डांचा धंदा फुटला. छापखान्यांना दरवर्षी नवीन चित्रं हवी होती, आणि बर्फ हे सगळ्यात सोपं. घर तेच, झाड तेच, वरून पांढरं टाकायचं.

तो लाल छातीचा पक्षी रॉबिन, त्याची गोष्ट तर निव्वळ पोस्टाची आहे. तेव्हाचे इंग्लंडमधले पोस्टमन लाल डगला घालायचे, म्हणून लोक त्यांनाच रॉबिन म्हणायचे. चित्रकारांनी पोस्टमनऐवजी पक्षी काढला, चोचीत पाकीट दिलं. पुढे पाकीट गळालं, पोस्टमनचा गणवेश बदलला, पक्षी राहिला. कोडमध्ये असं होतं. कुणीतरी कधीतरी एका कारणासाठी एक ओळ लिहितो, कारण संपतं, ओळ काढायची हिंमत कुणी करत नाही. केरळच्या मावशीच्या १९९९ च्या कार्डावर जो रॉबिन बसलाय तो असा बसलाय. आपल्याकडचा रॉबिन म्हणजे चिरक, शेताच्या बांधावर शेपटी उभारून फिरणारा काळा पक्षी. त्याचा लाल रंग शेपटीखाली असतो. कार्डवाल्यांच्या तो काही कामाचा नाही.

लाल पानांचं ते झाड मात्र वेगळं निघालं. पॉइन्सेटिया. मला वाटायचं हे पण थंड देशातलं असणार. ते मेक्सिकोचं आहे. १८२० च्या दशकात जोएल पॉइन्सेट नावाचा अमेरिकेचा राजदूत तिथे होता, त्याने ते मायदेशी पाठवलं आणि त्याचं नाव चिकटलं. लाल दिसतात ती पानं, खरी फुलं मधे बारीक पिवळी. आणि ती लाल होतात ते थंडीमुळे नाही, रात्र लांबल्यामुळे. म्हणजे सगळ्या ढिगातलं हे एक झाड असं की आपल्या बंगल्यांच्या कुंपणाला ते डिसेंबरात खरंच तसं दिसू शकतं.

सांताबद्दल एकच. 'कोका-कोलाने त्याला लाल केलं' हे फॉरवर्ड तुम्हाला आलं असेल. अमेरिकेत थॉमस नॅस्टने १८६३ पासून त्याची चित्रं काढली, आणि लाल कपड्यातला सांता कोका-कोलाच्या १९३१ च्या जाहिरातींच्या आधीही होता. कंपनीने त्याला गुबगुबीत, हसरा आणि सगळीकडे एकसारखा केला, एवढंच.

आता गोठा. हा गठ्ठा मला जास्त आवडला, कारण त्यात एक गंमत सापडली. येशूच्या जन्माची गोष्ट दोन शुभवर्तमानांत आहे, मत्तय आणि लूक. मेंढपाळ येतात ते लूकमध्ये. तारा पाहून पूर्वेकडून मागी येतात ते मत्तयमध्ये. कार्डावर दोघे एकाच रात्री एकाच गोठ्यात गर्दी करतात. मागी किती हे मत्तय सांगतच नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन धरली गेली. उंट तिथे लिहिलेले नाहीत. बैल आणि गाढव दोन्ही शुभवर्तमानांच्या जन्मकथेत नाहीत, ते परंपरेने आले. थोडक्यात, कार्ड हे दोन फायलींचं मर्ज आहे आणि वर कुणीतरी बरंच काही ॲड केलंय.

आणि लूकमध्ये बातमी पहिल्यांदा कुणाला मिळते? रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. राजाला नाही, पुजाऱ्याला नाही. आमच्याकडे सोयाबीन निघालेल्या रानात धनगर मेंढरं बसवतात, खतासाठी. घोंगडी, काठी, कुत्रं, अंधारात एक शेकोटी. आख्ख्या ढिगात परभणीच्या सगळ्यात जवळचं चित्र कुठलं तर हे. पण कार्डावर त्या मेंढपाळांचे केस सोनेरी आहेत.

इथे मला माझा शाळेतला एक मित्र आठवतो. ख्रिस्ती, पणजोबांपासून याच जिल्ह्यातला. घरात बोलणं आमच्याहून ठसक्याचं मराठवाडी. डिसेंबर आला की वर्गात कुणीतरी म्हणायचंच, 'तुमचा इंग्रजांचा सण आला बघ.' तो चिडायचा, समजवायचा. पण दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना जे कार्ड वाटायचा, त्यावर बर्फातलं इंग्रजी घर. समोरच्याला आयता पुरावा. बाजारात त्याला दुसरं कार्ड मिळतच नव्हतं. मोठेपणी ती चेष्टा चेष्टा राहत नाही. 'हा धर्म बाहेरचा, ही माणसं बाहेरची' असं आता किती सहज आणि किती मोठ्याने म्हटलं जातं, ते तुम्ही तुमच्या ग्रुपवर वाचताच.

म्हणून थोडा इतिहास, आणि हा तारखांसकट लक्षात ठेवा. नाताळ हा आपला रोजचा शब्द पोर्तुगीजमधून आलाय. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' लिहिलं आणि ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. येशूचा जन्म त्यात आहे, आपल्या पुराणाच्या चालीत. म्हणजे हेन्री कोलच्या कार्डाच्या २२७ वर्षं आधी नाताळ मराठीत सांगून झाला होता. पुढे नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती भजनं, अभंग लिहिले, कीर्तनं केली. आजही मराठी चर्चमध्ये टाळ-मृदंगावर भजन होतं. कान केव्हाच मराठी झाला होता. डोळ्यांना मात्र बर्फच दाखवला जात राहिला.

का? माझं उत्तर असं आहे की गाणं कुणीही रचू शकतं, गाऊ शकतं, त्याला भांडवल लागत नाही. रंगीत चित्र छापायला छापखाना लागतो, आणि छापखाना जे खपतं तेच छापतो. आता 'आपल्याकडे तसं तंत्रच नव्हतं' असं म्हणू नका. ज्या रंगीत शिळाछापाच्या जोरावर अमेरिकेत लुई प्रँगने १८७० च्या दशकात कार्डांचा बाजार उभा केला, तेच तंत्र वापरून राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन कारागीर होते तिथे. तुमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती बहुधा याच परंपरेतली. देवींना साडी मिळाली, कारण ते चित्र घेणारी घरं लाखांनी होती. मेरीला साडी नेसवून छापलं तर घेणार किती?

आणि ती नेसवणारे चित्रकार होते! आंजेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, गोव्याचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, मग बंगालमध्ये, टागोरांच्या परंपरेत. परत आले आणि सावळी, साडीतली मेरी रंगवायला लागले. गोव्यातल्याच ख्रिस्ती समाजात त्याला विरोध झाला. देवमाता आपल्यासारखी दिसते हे आपल्यालाच झेपलं नाही, असं हे प्रकरण. फोन्सेका पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून रंगवत राहिले. १९६७ च्या डिसेंबरात, नाताळनंतर तीनच दिवसांनी, पुण्यातच गेले. त्यांच्या मेरीचा चेहरा बऱ्याचदा त्यांच्या पत्नीचा, आयव्ही यांचा आहे. त्यांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरीला, झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे. त्याच काळात मुंबईत आंजेला त्रिंदाद याही भारतीय वेशातली मेरी रंगवत होत्या. गोव्याला जाताय ना डिसेंबरमध्ये? बीचच्या प्लॅनमध्ये अर्धा दिवस काढा.

तर ते एक कार्ड. जालन्याच्या मावशीने पाठवलेलं, जाडसर हातकागदावर. मेरी जमिनीवर मांडी घालून बसलीय, पदर डोक्यावर, बाळ मांडीवर, बाजूला समई. चित्रकाराचं नाव नाही. मागे पेनाने लिहिलंय की कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी बनवलंय. हे फोन्सेकांचं नाही, पण त्यांनी ज्या वाटेवर शिव्या खाल्ल्या त्याच वाटेवरचं आहे. आईला विचारलं, हे आलं तेव्हा काय वाटलं होतं? ती म्हणाली, 'मला वाटलं यशोदा आहे. मग आत वाचलं.' मग थोडं थांबून, 'तसा फरक काय असतो म्हण, बाळंतीण ती बाळंतीण.' प्रसूती वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईचं मत आहे, मी वाद घातला नाही.

संस्थांची कार्डं राहिली. ही डिझाइनच्या दृष्टीने सगळ्यात मोकळी. युनिसेफच्या कार्डांची सुरुवात १९४९ ची. चेकोस्लोव्हाकियातली सात वर्षांची यित्का सामकोव्हा, तिच्या गावाला युद्धानंतर मदत पोचली, तिने आभाराचं चित्र काढलं. कागद नव्हता म्हणून काचेवर. चित्रात मुलं एका खांबाभोवती नाचतायत. बर्फ नाही. आपल्याकडे रिप्पन कपूर यांनी १९७९ ला मुंबईत काही मित्रांबरोबर पन्नास रुपयांपासून क्राय सुरू केली, ते स्वतः विमानात पर्सरची नोकरी करत होते. कार्डं विकून पैसा उभारणं ही क्रायची ओळखच होती. आणि तोंडाने, पायाने चित्र काढणाऱ्या कलाकारांची संघटना, १९५६ ला एरिक स्टेगमन यांनी काढलेली. पोलिओमुळे हात गेलेला हा माणूस तोंडात ब्रश धरून रंगवायचा. त्यांचा आग्रह एकच, दया म्हणून घेऊ नका, चित्र आवडलं तर घ्या. अशी कार्डं घेणारा ग्राहक सगळ्या धर्मांचा, म्हणून यांवर मोर, पणत्या, खेडं, बैलगाडी असं सगळं चालतं. आत 'सीझन्स ग्रीटिंग्ज' लिहिलं की दिवाळीपासून नववर्षापर्यंत खपतं. आई पण उत्तराला हीच वापरायची. पाकीट न चिकटवता झडप आत खोचायची आणि वर 'बुक पोस्ट' लिहायचं, तिकीट कमी लागायचं. ते 'बुक पोस्ट' लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं.

खोक्यातली कार्डं २०१० च्या आसपास पातळ होत जातात आणि मग थांबतात. कारण तुमच्या हातात आहे. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला नील पॅपवर्थ या इंजिनिअरने पाठवला, आणि त्यात दोनच शब्द होते, 'मेरी ख्रिसमस'. २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात तो संदेश एक लाख सात हजार युरोला विकला गेला. माझ्या व्यवसायातल्या माणसाने कार्डाला मारलेली पहिली गोळी, असं मी मित्रांना सांगतो. पुढे सणाच्या दिवशी एसएमएस पॅक चालत नसे, आठवतंय? कंपन्यांना पण कळलं होतं पैसा कुठल्या दिवशी आहे. आता व्हॉट्सॲपवर चकाकणारं जिफ येतं. त्यात काय असतं? बर्फ पडत असतो. आता तर तो हलतो पण.

एक गोष्ट मात्र जिफमध्ये नाही. कार्डाला मागची बाजू असते. आमच्या ढिगाच्या पाठी बघितल्या तर शिवकाशीचे छापखाने, संस्थांचे पत्ते, किमती, आणि मावश्यांच्या हस्ताक्षरात बदललेले क्वार्टर नंबर, 'मुलगा बारावीला', 'गुडघे दुखतात', 'तुझी बदली झाली का गं'. मिरजेच्या मावशीची सलग अकरा कार्डं आहेत. शेवटच्या कार्डावर नवीन पत्ता आहे आणि फोन नंबर नाही. आईने त्या पत्त्यावर मागच्या डिसेंबरात कार्ड टाकलं. परभणीच्या स्टेशनरीच्या दुकानात नाताळची तीनच प्रकारची मिळाली, तिन्ही बर्फाची. म्हणून मी जालन्याच्या मावशीच्या कार्डाचा फोटो काढून जाड कागदावर प्रिंट मारली आणि ते पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

तुमच्या घरी अशी जुनी कार्डं असतील तर फोटो पाठवा, विशेषतः मराठवाड्यातल्या चर्चनी किंवा हॉस्टेलांनी स्वतः छापलेली. दोन्ही बाजूंचे काढा, आणि मागे कुणाचा पत्ता असेल तर तो झाकून पाठवा. पुढच्या भागात लग्नपत्रिका. त्यावरचा गणपती डाव्या सोंडेचाच का असतो, यावरून आमच्या टीममध्ये आत्ताच भांडण सुरू झालंय.